टेलच्या घराला इंटरनेट

माझी भाची मिरजेत परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून गेली काही वर्षे आयर्लंडच्या पश्चिम भागातील मेयो परगण्यात नोकरी करते. मागच्या वर्षी तिने शहरातली महागडी खोली सोडून बारा-तेरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात घर भाड्याने घेतले. घर पाहायला जाण्याआधी तिने त्या घराचा सात अक्षरांचा पत्ता-क्रमांक सरकारी नकाशावर टाकून पाहिला, कारण रात्रपाळीनंतर तिला घरूनच एक अभ्यासक्रम करायचा होता आणि त्यासाठी खात्रीचे इंटरनेट हवे होते. "मामा, घर पिवळ्यात निघालं, पण काम चालू आहे असं दाखवतंय, म्हणून घेतलं," असे तिने फोनवर सहज सांगितले. तिच्या दृष्टीने ही गोष्ट नळाला पाणी किती वाजता येते हे विचारण्याइतकी साधी होती. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या पिवळ्याचाच विचार करत बसलो. एका देशाने आपल्या प्रत्येक घरासमोर, एकेका घरासमोर, "येथे खासगी कंपनी येणार आहे" किंवा "येथे कोणी येणार नाही, म्हणून सरकार आणणार आहे" असे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला साधी वाटणे शक्य नव्हते.

थोडे खात्याबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे मी त्याच चष्म्यातून पाहतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर घाटमाथ्यावर टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, त्याआधी कित्येक वर्षे "योजना झाली" आणि "पाणी आले" या दोन वाक्यांमधले अंतर आम्ही पायी मोजले आहे. मुख्य कालवा, मग वितरिका, मग लघुवितरिका आणि शेवटी पोटचारी, अशी ती उतरंड असते. कालव्याच्या सुरुवातीला ज्याचे रान असते तो हेडचा शेतकरी आणि ज्याचे रान शेवटाला असते तो टेलचा. नियमाप्रमाणे पाण्याची पाळी टेलकडून सुरू करून हेडकडे यावी असे असते, पण हेडच्या माणसाच्या दारातून पाणी वाहत असताना त्याला थांबवणे किती अवघड असते हे ज्याने रात्री दोन वाजता कालव्यावर बॅटरी घेऊन फेऱ्या मारल्या आहेत त्यालाच ठाऊक. कागदावर "निर्मित सिंचनक्षमता" वेगळी आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र वेगळे, यावरून आपल्या राज्यात किती गदारोळ झाला तो सर्वांना आठवत असेल. युरोपातील खेड्यांच्या इंटरनेटबद्दल मी वाचू लागलो तेव्हा पहिली गोष्ट ही दिसली की तेथेही हेच दोन आकडे आहेत: किती घरांच्या दारावरून वाहिनी गेली हा एक, आणि किती घरांनी जोडणी घेतली हा दुसरा. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये जो अहवाल दिला त्यात हीच तफावत दाखवलेली आहे. २०२० पर्यंत निम्म्या घरांनी १०० मेगाबिट किंवा त्याहून जास्त वेगाची जोडणी घेतलेली असावी असे ध्येय २०१० मध्ये ठरले होते, आणि २०१७ मध्ये तेथवर पोचलेली घरे सुमारे १५ टक्केच होती. खेड्यांची स्थिती शहरांच्या मागे होती, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आयर्लंडची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, आणि त्याचे कारण तेथील वस्तीची ठेवण आहे. जर्मनीत किंवा स्पेनमध्ये खेडे म्हटले की घरे बहुधा एकत्र असतात. आयर्लंडमध्ये प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, रस्त्यापासून आत, शेजाऱ्यापासून दोन-चारशे मीटर दूर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर गावठाण लहान आणि मळा मोठा. अशा ठिकाणी एका घरापर्यंत वाहिनी नेण्याचा खर्च इतका असतो की कोणत्याही कंपनीला तो महिन्याच्या बिलातून कधीच वसूल होणार नाही. म्हणून २०१२ मध्ये सरकारने राष्ट्रीय ब्रॉडबँड योजना जाहीर केली आणि देशाचा नकाशा दोन रंगांत वाटला: निळ्यात खासगी कंपन्यांचा व्यवसाय चालेल असा भाग, आणि पिवळसर रंगात सरकारी अनुदानाशिवाय काहीच होणार नाही असा भाग. भाचीचे "पिवळे" ते हे.

यानंतर जे घडले ते हेड आणि टेलच्या भांडणाची आठवण करून देणारे आहे. निविदेची प्रक्रिया २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. ती चालू असतानाच, २०१७ मध्ये, एअर या तेथील जुन्या दूरध्वनी कंपनीने पिवळ्या भागातल्या तीन लाख घरांना आपण स्वतःच्या खर्चाने फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची वाहिनी, देऊ असे सरकारला लिहून दिले. अर्थातच ती तीन लाख घरे त्यातल्या त्यात सोपी होती: रस्त्यालगतची, एकमेकांजवळची. ती वगळल्यावर पिवळ्या भागात उरली सुमारे ५ लाख ४० हजार ठिकाणे, आणि ती सगळी टेलची. गाभा काढून घेतलेल्या फणसासारखी निविदा झाली. मग एकेक बोलीदार बाजूला होऊ लागला. त्याच वर्षी एक मोठा समूह निघून गेला, आणि २०१८ च्या जानेवारीत खुद्द एअरनेही माघार घेतली. शेवटी एकच बोलीदार उरला. त्याच्या प्रमुखाशी झालेल्या भेटींवरून २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये संबंधित मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि तेथील सार्वजनिक खर्च खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने हा करार करू नये असा लेखी सल्ला दिला. तरीही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये करार झाला. सरकारी अनुदानाची कमाल मर्यादा सुमारे तीन अब्ज युरो ठेवण्यात आली, मुदत पंचवीस वर्षांची, आणि जाळे उभारण्याचे काम सुमारे सात वर्षांत पूर्ण करायचे.

मी सवयीप्रमाणे भागाकार केला. तीन अब्जाला ५ लाख ४० हजारांनी भागले तर एका ठिकाणामागे सुमारे साडेपाच हजार युरो येतात, म्हणजे आपल्या पैशात पाच लाखांच्या आसपास. एका घराला इंटरनेट देण्यासाठी एवढा खर्च करावा का, हा प्रश्न तेथील संसदेतही विचारला गेला आणि तो रास्तच आहे. पण माझ्या मते त्या व्यवहारातली खरी खोट खर्चाच्या आकड्यात नाही. पंचवीस वर्षांनंतरही ते जाळे खासगी कंपनीच्याच मालकीचे राहणार आहे, आणि सरकारने भरले ते केवळ "तोट्याचे अंतर", म्हणजे खर्च आणि बिलांतून वसूल होणारी रक्कम यांतली तूट. शिवाय त्या जाळ्याची तार ज्या खांबांवरून आणि नळ्यांमधून जाते त्यातले पुष्कळसे खांब एअरचेच असल्याने त्यांचे भाडे एअरला जाते. म्हणजे सोपी घरे घेऊन बाजूला झालेल्या कंपनीलाच अवघड घरांसाठीच्या खर्चातला काही वाटा दरवर्षी मिळतो. आमचा कालवा गळका असेल, दारे गंजलेली असतील, पण तो कोणाचा हा प्रश्न पडत नाही. हे लिहिताना मी पक्षपात करतो आहे याची मला जाणीव आहे. खात्याचा माणूस आहे, खासगी मालकीच्या कालव्याची कल्पना मला सहन होत नाही. भाची मात्र म्हणाली, "मामा, मालक कोण याचं मला काय? तार आली की झालं." त्यावर माझ्याकडे लगेच द्यायला उत्तर नव्हते.

मुळात युरोपीय संघात सरकारने असा पैसा देणे हीच सरळ गोष्ट नाही. संघाच्या करारानुसार एखाद्या उद्योगाला सरकारी मदत देऊन बाजारातली स्पर्धा बिघडवणे तत्त्वतः निषिद्ध आहे. मदत द्यायची असेल तर ती का आवश्यक आहे हे दाखवावे लागते. ब्रॉडबँडसाठी ते कसे दाखवायचे याची नियमावली पहिल्यांदा २००९ मध्ये आली, २०१३ मध्ये सुधारली आणि २०२३ मध्ये पुन्हा नवी झाली. तिच्यातली मूळ विभागणी तीन रंगांची आहे. पुरेशा वेगाचे एकही जाळे नाही आणि नजीकच्या काळात येण्याची शक्यताही नाही तो पांढरा भाग, एकच जाळे आहे तो करडा, आणि दोन किंवा अधिक आहेत तो काळा. पांढऱ्या भागात मदत देता येते, करड्यात बरेच सिद्ध करावे लागते, काळ्यात जवळजवळ नाहीच. रंग ठरवण्याआधी नकाशा तयार करून तो लोकांपुढे ठेवावा लागतो आणि कंपन्यांना विचारावे लागते की पुढच्या काही वर्षांत तुम्ही येथे स्वतःहून येणार आहात का. अनुदानातून उभ्या राहिलेल्या जाळ्यावर इतर कंपन्यांनाही ठराविक दराने आपली सेवा देऊ द्यावी लागते, म्हणजे सार्वजनिक पैशातून एकाचीच मक्तेदारी होऊ नये.

कंपन्यांना विचारण्याची पायरी मला सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत धोक्याची वाटते. "आम्ही येणार आहोत" एवढे कागदावर लिहून दिले की तो भाग पांढरा राहत नाही, सरकारी पैसा तेथे जात नाही, आणि कंपनी आली नाही तर टेलचा माणूस दोन्हीकडून गेला. फ्रान्सने यावर जो उपाय केला तो आमच्याकडच्या अधिकाऱ्यांनी वाचावा असा आहे. तेथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या योजनेत मोठी शहरे कंपन्यांवर सोडली, मध्यम दाटीची शहरे-गावे दोन कंपन्यांनी "आम्ही करू" म्हणून मागून घेतली, आणि उरलेला ग्रामीण भाग स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आला. मध्यम भागातली ती आश्वासने २०१८ मध्ये कायद्याने बंधनकारक करण्यात आली. ऑरेंज ही तेथील सर्वांत मोठी कंपनी आपल्या शब्दाप्रमाणे मुदतीत काम पूर्ण करू शकली नाही, तेव्हा नियामकाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला २ कोटी ६० लाख युरोंचा दंड ठोठावला. आयर्लंडची तीन लाख घरे आणि फ्रान्सचा हा दंड शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की आश्वासन आणि करार यांतला फरक समजतो.

फ्रान्समधल्या ग्रामीण भागाची रचनाही मला पटते. तेथील देपार्तमाँ म्हणजे साधारण आपला जिल्हा. तेथील निवडून आलेल्या संस्था एकत्र येऊन एक सार्वजनिक मंडळ काढतात, राज्य त्यात अनुदान घालते, पुष्कळ ठिकाणी जाळ्याची मालकी त्या मंडळाकडेच राहते आणि ते चालवायला मात्र एखाद्या कंपनीला ठराविक वर्षांसाठी दिले जाते. जिल्हा परिषदेने पाझर तलाव बांधावा आणि मासेमारीचा ठेका द्यावा, तसेच काहीसे. जिल्हा परिषदांच्या पाझर तलावांचे पुढे काय झाले हे ठाऊक असूनही मला ही पद्धत अधिक बरी वाटते, कारण निदान तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक असते.

ब्रिटनचा अनुभव वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखा आहे. तेव्हा तो देश युरोपीय संघातच होता. ग्रामीण ब्रॉडबँडच्या पहिल्या टप्प्यातले सगळे म्हणजे ४४ करार एकट्या बीटी या कंपनीला मिळाले, आणि २०१३ मध्ये तेथील संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होते. पण त्या करारांत एक कलम असे होते की अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी जोडणी घेतली तर कंपनीने अनुदानाचा काही भाग परत करायचा. अपेक्षा होती २० टक्के घरांची. खेड्यातले लोक नव्या वेगवान जोडणीला जास्त पैसे देणार नाहीत, असा त्यामागचा अंदाज. प्रत्यक्षात जोडणी घेणारे बरेच जास्त निघाले, आणि २०१५ मध्ये कंपनीने १२ कोटी ९० लाख पौंड परत करण्याचे मान्य केले. पुढे ही रक्कम आणखी वाढली. खेड्यात मागणी नाही, हे जे वाक्य मी आमच्याकडे शंभरदा ऐकले आहे, त्याला इतके रोकडे उत्तर दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

त्याच देशात लँकेशर परगण्यातल्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये एक सहकारी स्वरूपाची संस्था काढली, शेअर विकून भांडवल उभे केले, आपापल्या शेतातून फुकट वाट दिली आणि नळी टाकण्यासाठी चर स्वतः खणले. महिना ३० पौंडांत हजार मेगाबिट वेग त्यांनी अशा वाड्यांना दिला जेथे कंपनी फिरकत नव्हती. सांगली-साताऱ्यात पाण्यासाठी सहकारी उपसा सिंचन संस्था काढून, घरचे दागिने गहाण ठेवून, नदीपासून मैलोन्मैल पाइपलाइन खणणाऱ्या पिढीला यात नवल वाटणार नाही. त्यातल्या कित्येक संस्था पुढे वीजबिलाने आणि थकबाकीने बुडाल्या, हेही याच जिल्ह्यांनी पाहिले. रस्त्याच्या कडेने खणण्यापेक्षा शेतातून खणणे स्वस्त पडते, एवढा तांत्रिक मुद्दा मात्र तेथून उचलण्यासारखा आहे. खोदकाम हाच या सगळ्या कामातला सर्वांत मोठा खर्च असतो, काचेचा धागा नव्हे.

आता आपल्याकडे. आपल्या देशातही सार्वजनिक पैसा कमी नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के वाटा गेली दोन दशके एका सार्वत्रिक सेवा निधीत जमा होतो, आणि त्या निधीतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली; पुढे तिचे नाव भारतनेट झाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती हे तिचे मोजमाप. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले, आणि त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी करायचे ठरले, म्हणजे एके ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना मागणीनुसार जोडणी आणि दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर, हेही त्यात आहे. हे बदल योग्य दिशेचे आहेत, याबद्दल मला शंका नाही.

पण ग्रामपंचायत हे मोजमाप म्हणजे वितरिकेचे तोंड. पोटचारी त्याच्या पुढे. आमच्या गावात तीनशेच्या वर घरे गावठाणात आहेत आणि बाकीची मळ्यांत, वस्त्यांवर, ओढ्यापलीकडे पसरलेली. खासगी केबलवाल्याची तार एसटी स्टँडपर्यंत आणि तेथून दोन गल्ल्यांत आली आहे. मळ्यासाठी विचारले तर त्या माणसाने सांगितले की खांबामागे एक गिऱ्हाईक असेल तर परवडत नाही. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तो आयर्लंडच्या निळ्या रंगातला माणूस आहे. त्रास इतकाच की येथे मळ्याला कोणताच रंग नाही. तो पांढरा आहे असे कोणी जाहीर केलेले नाही, म्हणून तेथे कोणी येणार की नाही हे विचारण्याची जागाही नाही. मोबाइलचे सिग्नल आहे म्हणून नकाशावर आमचे सगळे गाव जोडलेलेच दिसते.

मे महिन्यात मी आणि गावातल्या शाळेचे एक शिक्षक, दोघांनी सकाळचे दोन तास याप्रमाणे नऊ दिवस फिरून मळ्यातल्या घरांची यादी केली. ६१ घरे भरली. प्रत्येक घरापुढे गावठाणातल्या शेवटच्या खांबापासूनचे अंतर, मध्ये कोणाचे रान येते, ते चर खणू देतील का, आणि घरातले कोण बाहेरगावी आहे हे लिहिले. शेवटचा रकाना शिक्षकांचा आग्रह होता आणि तोच सर्वांत भरगच्च निघाला. आमच्या भागातली माणसे तीन पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेलेली. त्यामुळे कोइमतूर, लखनौ, कोचीन अशी नावे एकाखाली एक आली. ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरातल्या आक्का सत्तरीच्या आहेत. त्यांचा नातू कोइमतूरला आहे, आणि त्याच्याशी व्हिडिओवर बोलण्यासाठी त्या पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर चढतात. "भाऊ, नेट इथं टाकीवरच गावतंय, खाली आलं की पोरगं थिजतंय," असे त्यांनी सांगितले, आणि शिडीची एक पायरी मोडली आहे तेही दाखवले.

यादी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ग्रामसेवकांकडे दिली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि विचारले की घर क्रमांक मालमत्तेच्या उताऱ्याप्रमाणे का नाहीत, शेवटच्या टोकाच्या आक्कांच्या घराला पहिला क्रमांक कसा. मी म्हणालो, आमच्या खात्यात पाळीपत्रक टेलकडून लिहितात. ते हसले, पण क्रमांक बदला असे म्हणाले नाहीत. यादी कोणत्या दप्तरात ठेवायची यावर मात्र थोडी चर्चा झाली, कारण तिच्यासाठी असे दप्तर नाही. सध्या ती पाणीपट्टीच्या नोंदवहीत आहे.